पाच सेकंदांनी पुढचा आकडा

बोलकी माणसं धाकटीला दमवत. म्हणून अभिलेखागाराच्या तळघरातली नोकरी तिला लागली, तेव्हा दादा म्हणाला होता, "तुझ्यासाठी जमिनीखाली खास जागा काढलीय बघ त्यांनी. आता मेल्यावर वेगळी सोय बघायला नको." ती काही त्यावर हसली नाही. नोकरी मात्र ती तेवीस वर्षं करत आली होती, आणि तीही आनंदानं.

तळघरात शहराचे जुने नकाशे, मोजणीचे कागद, पाडलेल्या इमारतींचे आराखडे असं सगळं खोक्यांत भरून ठेवलेलं होतं. प्रत्येक खोक्याला नंबर, आतल्या प्रत्येक कागदाला नंबर. ते नंबर तयार करून त्यांच्या चिठ्ठ्या छापायच्या आणि चिकटवायच्या, हे धाकटीचं काम. त्यासाठी तिच्याकडे एक जुना संगणक होता आणि त्यात तीन अक्षरांची एक कमांड होती. काळ्या पडद्यावर ती तीन अक्षरं लिहायची, पुढे सुरुवातीचा आकडा, मग शेवटचा आकडा, आणि एंटर. मधले सगळे आकडे एकाखाली एक खळखळत उतरत. मधे आणखी एक आकडा टाकला तर पावलं मोठी होत: पाचपाचनं, दहादहानं, मनात आलं तर उलटंसुद्धा. याच्यापलीकडे त्या कमांडला काही येत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी रंगीबेरंगी चौकटींचं नवं सॉफ्टवेअर घेतलं, धाकटीलाही घ्यायला सांगितलं, पण ती बधली नाही. ज्याला एकच गोष्ट येते आणि ती नीट येते, त्याच्याशी तिचं पटत असे.

घरी दादा होता. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. वहिनी गेल्यावर त्याला चार दिवस सोबत म्हणून ती त्याच्याकडे राहायला आली, आणि त्या चार दिवसांची नऊ वर्षं झाली. दादा लोकांना गाडी शिकवायचा. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादाचा ब्रेक ठेवून, दिवसभर बोलत राहणं हाच त्याचा धंदा. घरी आला तरी तोंड थांबत नसे. कोण विद्यार्थी क्लचला विंचू समजून पाय उचलतो, कोण बाई आरशात रस्ता सोडून स्वतःलाच बघते, सगळं साग्रसंगीत. धाकटी भाजी चिरताना "हं" म्हणे, ताटं घेताना "हं" म्हणे. कधीकधी ती चुकीच्या जागी "हं" म्हणे आणि दादा म्हणे, "सापडलीस. ऐकत नव्हतीस." मग तीच गोष्ट पहिल्यापासून.

एका मंगळवारी सकाळी हे सगळं बंद पडलं. पावाच्या भट्टीवर काम करणारी एक बाई त्याच्याकडे शिकत होती. तिचा सहावा धडा. मोठ्या चौकाला वळसा घालताना दादा तिला काहीतरी गंमत सांगत होता आणि वाक्याच्या मध्येच गप्प झाला. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. तिनं वळून पाहिलं तर त्याचं तोंड एका बाजूला ओघळलेलं. ती बिचारी घाबरली, पण तिनं आरसा पाहिला, इशारा दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग फोन केला. सगळं त्यानं शिकवलं होतं तसं. डॉक्टर म्हणाले, तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर उशीर झाला असता.

अठरा दिवसांनी दादा घरी आला. पाय बऱ्यापैकी सावरला होता, उजवा हात लुळा होता, आणि वाचा गेली होती. त्याला समजत सगळं होतं. पण काहीही सांगायला तोंड उघडलं की "तेते" एवढंच बाहेर पडे. पाणी हवं असलं तरी तेते, खिडकी लावायची असली तरी तेते. ते त्याचं त्याला ऐकू जाई, हे सगळ्यांत वाईट. पहिले काही दिवस तो चिडला, मग शरमला, आणि शेवटी त्यानं तोंडच मिटून घेतलं. धाकटी काही विचारायला गेली की तो भिंतीकडे कूस बदले.

मित्र आले. खुर्च्या ओढून बसले, मोठ्या आवाजात बोलले, जणू दादाचे कानच गेले होते. त्याच्या वाटच्या गमती त्यालाच सांगून स्वतःच हसले. पुढच्या आठवड्यात त्यांतले निम्मे आले, त्याच्या पुढच्या आठवड्यात एक आला. धाकटीनं कुणाला दोष दिला नाही. तिला स्वतःला तरी त्या खोलीत बसवत कुठे होतं? आयुष्यभर जिला शांतता हवी होती, तिच्या पदरात ती आता पोतं भरून पडली होती, आणि काय करायचं तिचं ते कळत नव्हतं. जेवताना चमच्याचा आवाज फार मोठा वाटे. एकदा ती सवयीनं "हं" म्हणून गेली. समोर कुणी काही बोललंच नव्हतं. दादानं वर पाहिलं आणि पुन्हा ताटात पाहिलं.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. चित्रं दाखवत: कप, किल्ली, बूट. दादा घामाघूम होई आणि तेते म्हणे. चौथ्या खेपेला बाईंनी चित्रं बाजूला ठेवली आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "एक, दोन..."

"तीन," दादा म्हणाला. "चार, पाच, सहा, सात."

स्वच्छ, खणखणीत, त्याच्या स्वतःच्या आवाजात. स्वयंपाकघरात धाकटीच्या हातातला टॉवेल खाली पडला. ती दारात येईपर्यंत तो चौदावर पोचला होता आणि त्याचा चेहरा एखाद्याला हरवलेलं पाकीट सापडावं तसा झाला होता.

बाईंनी नंतर तिला बाजूला घेऊन समजावलं. लहानपणापासून एका माळेत ओवलेले शब्द मेंदूत वेगळ्या जागी पडून असतात, ते बऱ्याच जणांचे वाचतात. पण सुरुवात त्याची त्याला करता येणार नाही, कुणीतरी धागा हातात द्यावा लागेल. आणि मधला हवा तो आकडा उचलून काढताही येणार नाही. फार आशा धरू नका; पण आवाज चालू राहू दे, आवाज फार महत्त्वाचा, असं त्या म्हणाल्या.

धागा हातात द्यायचा म्हटल्यावर धाकटीला आपली कमांड आठवली. जुना एक लॅपटॉप होता घरात, त्यावर तिनं ती चालू केली. आकडे एकदम खळकन उतरून चालणार नव्हते, म्हणून दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या: एक आकडा मोठ्या अक्षरात दाखव, पाच सेकंद थांब, मग पुढचा. लॅपटॉप दादाच्या खुर्चीसमोर स्टुलावर ठेवला. पडद्यावर एक आला. दादा म्हणाला, "एक." दोन आला. "दोन."

पहिल्या दिवशी शंभर केले. मग पाचशे. ती शेजारी बसली की तो अडखळे, नजर चोरे. ती उठून आत गेली की आवाज मोकळा होई. म्हणून ती उठून जाऊ लागली. मग एके दिवशी तिनं हिशेब केला: पाच हजार आकडे, पाच सेकंदांनी एक, म्हणजे जवळजवळ सात तास. तिची रजा संपत आली होती. रोज सकाळी सव्वानऊला ती तीच तीन अक्षरं आणि दोन आकडे लिहून एंटर दाबू लागली आणि कामावर जाऊ लागली. दुपारी शेजारच्या शिंपीणबाई दार उघडून त्याला सूप-पाव देत. सगळी सोय चोख झाली होती. त्या सोयीच्या तळाशी काय आहे, हे धाकटीनं फारसं खरवडलं नाही. भावाजवळ बसणं तिला झेपत नव्हतं, आणि तिनं आपल्या जागी एक यंत्र बसवलं होतं.

असे दोन महिने गेले. संध्याकाळी ती घरी येई तोवर पाच हजार कधीच होऊन गेलेले असत, पडदा काळा, दादा गप्प. ती जेवण गरम करी. तो जेवी. ती विचारी, आज बरं वाटतंय का. तो मान हलवी आणि कूस बदले.

एकदा जिन्यात शिंपीणबाई भेटल्या. तोंडात टाचण्या धरायची त्यांची सवय, त्यामुळे अर्धे शब्द आतच राहत. त्यांनी टाचण्या काढल्या आणि विचारलं, "दुपारचं कोण येतं हो तुमच्या दादांकडे?"

धाकटी म्हणाली, कुणी नाही.

"असं कसं? मी सूप देऊन गेले की चांगल्या गप्पा चालतात. हसतात काय, रागावतात काय. भिंतीपलीकडे शब्द काही कळत नाहीत, पण मला बरं वाटतं बाई ऐकून."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं तळघरात एकही चिठ्ठी सरळ चिकटवली नाही. दोन वाजून गेल्यावर तिनं वर जाऊन सांगितलं की डोकं दुखतंय, आणि ती निघाली. तीनच्या सुमाराला ती आपल्याच घराच्या दाराबाहेर उभी होती, किल्ली हातात, आणि आतून दादाचा आवाज येत होता.

"चार हजार एकशे बेचाळीस," तो म्हणत होता. अगदी हलकेच, समजावणीच्या सुरात; घाबरलेल्या विद्यार्थ्याला तो असंच सांगायचा की सोड क्लच, सावकाश सोड. मग पाच सेकंद शांतता. "चार हजार एकशे त्रेचाळीस!" हा ब्रेक दाबायचा आवाज. पुन्हा शांतता, आणि मग "चार हजार एकशे चव्वेचाळीस" असं लांबवत, शेवटी हसू फुटून. ही तर गोष्ट होती. सुरुवात होती, मधे कुणीतरी गाढवपणा करत होतं, शेवटी दादा त्याची फिरकी घेत होता. शब्दांच्या जागी आकडे होते, एवढंच. चार हजार एकशे एकोणपन्नास त्यानं इतकं हळू म्हटलं की धाकटीचा हात किल्लीसकट खाली आला. वहिनीशी तो तसा बोलायचा, दार लोटलेलं असताना.

दादा गेला नव्हता. सगळाच्या सगळा आत होता, आणि दिवसभर एका स्टुलावरच्या पडद्याशी बोलत होता. तिच्याशी नाही. तिनं किल्ली फिरवली. आवाज तिथल्या तिथे तुटला. ती आत गेली तेव्हा पडद्यावर आकडे बदलत होते आणि दादा खिडकीबाहेर पाहत होता.

"मला ऐकू आलं," ती म्हणाली. "माझ्याशी का बोलत नाहीस रे?"

त्यानं वळून पाहिलंसुद्धा नाही. तिनं पुन्हा विचारलं, जरा वरच्या आवाजात, आणि तो उठून, पाय ओढत, पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लॅपटॉप उघडला, स्टुलावर ठेवला आणि कमांड न लिहिताच निघाली. दादानं हात उचलून पडद्याकडे दाखवलं. तिनं तिकडे दुर्लक्ष केलं, चप्पल घातली, दार ओढलं. विसरले असं सांगता येईल, हे तिनं जिन्यातच ठरवून टाकलं होतं. एक्कावन्न वर्षांची बाई एका यंत्रावर जळते, हे तिला दिसत होतं. तरी ती मागे फिरली नाही.

दिवसभर तिचं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी घरी आली तेव्हा दादा खुर्चीत बसलेला होता, डावा हात मांडीवर पालथा. सूप तसंच होतं, वर साय धरलेली. आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरलेला होता.

तो रोज सकाळी तिची बोटं बघत असला पाहिजे. डाव्या हाताच्या एका बोटानं त्यानं ती तीन अक्षरं लिहायचा प्रयत्न केला होता. कधी दोनच, कधी चार, कधी बरोबर अक्षरं पण उलटसुलट, कधी एकच अक्षर बोट दाबून धरल्यासारखं ओळभर. प्रत्येक ओळीखाली यंत्रानं तेच उत्तर दिलं होतं: असा आदेश सापडत नाही. असा आदेश सापडत नाही. धाकटी पडदा मागे सरकवत गेली आणि मोजत गेली. मोजणं हेच तिचं काम. एक्केचाळीस वेळा. त्याला एकदाही जमलं नव्हतं. आकडे मात्र प्रत्येक ओळीत होते आणि ते बरोबर होते: एक, आणि पाच हजार.

तिनं लॅपटॉप मिटला. स्टुलावरून उचलून खाली ठेवला आणि त्या स्टुलावर स्वतः बसली, दादाच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. चुकलं माझं, असं म्हणायचं होतं, पण नऊ वर्षं "हं" म्हणणाऱ्या तोंडातून ते निघेना.

"एक," ती म्हणाली.

दादा तिच्याकडे बघत राहिला. पाच सेकंद कधीच होऊन गेले. बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

"एक," ती पुन्हा म्हणाली.

"दोन," दादा म्हणाला.

"तीन."

"चार." हा चार रागाचा होता. ती हबकली, पण तिनं पाच म्हटला, आणि त्यानं सहा तिच्या अंगावर टाकला, आणि मग धडाधड आठ, दहा, बारा. सकाळचा सगळा हिशेब त्यानं तिसाच्या आत चुकता केला. तिनंही ऐकून घेतलं नाही. सदतीस म्हणताना तिनं त्याला विचारलं की भिंतीत असं काय आहे जे माझ्यात नाही. अडतीसला त्याची मान खाली गेली. चाळीसनंतर दोघं सावकाश बोलू लागली. तो पन्नास म्हणाला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते, आणि एक्कावन्न तिला जेमतेम म्हणता आला. तो का गप्प होता ते तिला कुणी शब्दांत सांगितलं नाही, पुढेही कधी नाही. पण यंत्राला तेते ऐकून वाईट वाटत नाही, एवढं तिला त्या संध्याकाळी कळलं.

अडुसष्ट दादानं म्हटला. पुढचा तिचा. डोळे पुसता पुसता ती म्हणून गेली, "एकोणऐंशी."

दादा थांबला. डावं बोट वर केलं, तिच्या नाकासमोर हलवलं, आणि म्हणाला, "नाही."

दोघंही दचकली. तो आकडा नव्हता. कुठल्याही माळेतला नव्हता. त्याचा त्यानं उचलून काढलेला शब्द होता.

"नाही, नाही," तो पुन्हा म्हणाला, चव घेत. बरोबर आकडा कोणता ते त्याला सांगता येईना. तो ओठ हलवून थकला. शेवटी तिनंच म्हटलं, "एकोणसत्तर." तेव्हा पास झालेल्या विद्यार्थ्यापुढे डोलवायचा तशी त्यानं मान डोलावली.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असतं तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती. तसं झालं नाही. वर्षभरात दादाला नऊ-दहा शब्द आले: नाही, चहा, पुरे, बाप रे, आणि काही शिव्या, ज्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंनीही वहीत आनंदानं लिहून घेतल्या. धाकटीचं नाव आलं नाही, वहिनीचंही आलं नाही. मित्र परतले नाहीत. पावाच्या भट्टीवरची बाई परवाना मिळाल्यावर एकदा येऊन गेली, तिनं त्याला खाली नेऊन गाडीत बसवलं, आणि चौकाला वळसा घालून आणलं. तो शेजारच्या सीटवर पूर्ण वेळ गप्प बसला होता, असं तिनं धाकटीला सांगितलं. पण पाय मात्र ब्रेक दाबत होता, जिथे ब्रेक नव्हता तिथे.

धाकटीनं लॅपटॉपच्या त्या तीन अक्षरांवर तळघरातल्या चिठ्ठ्या चिकटवल्या, एक, दोन आणि तीन अशा. आता दादा आपला आपण कमांड चालू करतो. ती कामावर असते तेव्हा तो अजूनही त्या पडद्याशीच बोलतो, आणि तिनं ते मनावर घेणं सोडून दिलंय. रोज संध्याकाळी स्टुलावर ती बसते. कधी शंभरपर्यंत जातात, कधी वीसलाच दोघं कंटाळतात. ती त्याला तळघरातल्या गोष्टी सांगू लागली आहे, पहिल्यांदाच, चांगल्या शब्दांत. सांगण्यासारखं तिथे फार घडत नाही. तो मन लावून ऐकतो.

मागच्या आठवड्यात दुपारी तळघरातला फोन वाजला. चुकून लागला असेल असं समजतच तिनं उचलला. पलीकडे श्वास ऐकू येत होता, बराच वेळ, जड. मग दादाचा आवाज आला.

"एक," तो म्हणाला.

सुरुवात त्यानं केली होती. कुणी धागा दिला नव्हता. त्या एकच्या शेवटी आवाज किंचित वर उचललेला होता. काहीतरी विचारत होता तो. तिनं दोन्ही हातांनी फोन धरला. काय हवंय, बरं नाही का, लवकर येऊ का, सगळं विचारून झालं. तो प्रत्येकाला थांबला, आणि पुन्हा तसंच म्हणाला, "एक?"

"दोन," ती म्हणाली.

त्यानं फोन ठेवला. ती धावतपळत घरी गेली. दादा खुर्चीत होता, ठणठणीत; तळघराच्या नंबरची तिनं फोनशेजारी ठेवलेली चिठ्ठी त्याच्या मांडीवर होती. गॅस बंद होता, खिडक्या लावलेल्या होत्या, काही पडलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं. काय विचारायचं होतं, ते तिनं बोटांनी, आकड्यांनी, चित्रांनी, सगळ्या तऱ्हांनी काढून पाहिलं. तो ओठ हलवत राहिला, मग म्हणाला, "पुरे." तिनं कोट काढून खुंटीला लावला आणि चहा ठेवला.